जॉर्ज इन, सदर्क : घोडागाड्यांच्या स्टँडचा उरलेला एक सोपा

दक्षिणकाठ (धागाकर्ती)

गेल्या जुलैत अण्णा साताऱ्याहून माझ्याकडे लंडनला आले. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, शेवटची अकरा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. राजवाडे, संग्रहालयं सगळं दाखवलं. ते बघायचे, "छान आहे" म्हणायचे आणि पुढे चालायचे. एका दुपारी लंडन ब्रिज स्टेशनवरून परतताना पाऊस आला, म्हणून मी त्यांना बरो हाय स्ट्रीटवरच्या एका बोळातून जॉर्ज इनच्या चौकात नेलं. मी रोज त्या बोळावरून ऑफिसला जाते. जुना पब, लाकडी सज्जे, पर्यटक फोटो काढतात, एवढंच मला त्याचं माहीत होतं.

अण्णांनी सज्ज्यांकडे पाहिलंच नाही. पाऊस थांबल्यावर ते बोळाच्या तोंडाशी गेले, रुंदी पावलांनी मोजली, परत चौकात आले, खालच्या दगडी फरसबंदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हितं गाड्या यायच्या म्हणतीस. मग वळायच्या कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून सहा महिने मी या एका जागेबद्दल मिळेल ते वाचते आहे. आज ते सगळं इथे मांडते.

आधी जागा समजून घ्या. सदर्क म्हणजे टेम्सच्या दक्षिणेचा काठ. १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल झाला. तोपर्यंत लंडन शहरात दक्षिणेकडून शिरायला पूल एकच, लंडन ब्रिज. त्यावर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं, मधली वाट इतकी अरुंद की दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की खोळंबा. रात्री पुलाचा दरवाजा बंद. त्यामुळे डोव्हर, कँटरबरी, मेडस्टन अशा केंट परगण्यातल्या गावांहून येणारा माणूस आणि माल पुलाअलीकडेच थांबायचा. मग या एका रस्त्याच्या पूर्वेला सरायांची रांगच लागली. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ मध्ये लंडनचं वर्णन लिहिलं. त्यात त्याने ही नावं ओळीने दिली आहेत: स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट (म्हणजे व्हाइट हार्ट), किंग्ज हेड. आज या आठांपैकी एकच उभी आहे.

तीही मूळ वास्तू नव्हे. १६७० मध्ये जॉर्ज बऱ्याच अंशी जळली. ती सावरते आहे तोवर २६ मे १६७६ ला सदर्कमध्ये मोठी आग लागली. सुमारे ५०० घरं गेली, त्यात जॉर्ज पूर्ण राख झाली. शेजारची टॅबर्डही जळली. भाडेकरू मार्क वेलंडने स्वतःच्या खर्चाने जॉर्ज पुन्हा बांधली आणि मालकाने त्याबदल्यात भाडं उतरवून दिलं. नवं भाडं ठरलं ते ठरावीक रक्कम आणि वर्षाला साखरेची एक ढेप. तेव्हा साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळायची आणि महाग असायची. करारात ढेप लिहिलेली वाचून मला एकदम आपल्या खंडाच्या जमिनींची आठवण आली. आज आपण पाहतो ती इमारत १६७७ ची आहे. म्हणजे 'इथे शेक्सपिअर बसायचा' असं कुणी सांगितलं तर त्यांना नम्रपणे सांगा की तो १६१६ लाच गेला.

आता अण्णांचा प्रश्न. मला आधी वाटायचं की सज्जे असलेली ही लांबट इमारत म्हणजेच जॉर्ज. तसं नाही. जॉर्जला तीन बाजू होत्या. आपल्याकडचा चौसोपी वाडा डोळ्यासमोर आणा आणि रस्त्याकडचा सोपा काढून टाका. मध्ये चौक, तीन बाजूंना दोन-दोन मजली सज्जे, प्रत्येक खोलीचं दार सज्ज्यावर उघडतं. जिना चढलात की बाहेरून चालत आपल्या खोलीशी. त्यामागे दुसरं आवार, तिथे तबेले आणि गोदामं. आज उरला आहे तो फक्त दक्षिणेचा सोपा, आणि तोही सगळा सज्ज्यांचा नाही. बाकीचे दोन सोपे पाडले गेले १८८९ मध्ये, आणि ते आगीने किंवा म्हातारपणाने नाही. ते रेल्वेने पाडले.

ती हकीकत अशी. सराय १८४९ मध्ये शेजारच्या गाय्ज हॉस्पिटलने घेतली होती. हॉस्पिटलने १८७४ मध्ये ती ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला विकली. रेल्वेला सराय नको होती, मालाच्या आवक-जावकीसाठी जागा हवी होती. तिने जॉर्जचा मालधक्का केला आणि सोय होईना म्हणून उत्तरेचा आणि मधला सोपा काढून टाकला. त्याच वर्षी, १८८९ ला, शेजारचं व्हाइट हार्टही गेलं. टॅबर्ड त्याआधीच गेलं होतं. ज्यांनी घोडागाडीचा धंदा संपवला त्यांच्याच हातात ही जागा गेली आणि त्यांनीच ती अर्धी मोडली, याचं मला अजून वाईट वाटतं. पण उरलेला सोपा वाचला तोही त्याच रेल्वेच्या वारसदार कंपनीमुळे. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३७ मध्ये तो नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकला. सज्जे असलेली घोडागाड्यांची सराय लंडनमध्ये आता ही एकच.

सराय म्हटलं की आपल्याला जेवण, दारू, खोली आठवते. जॉर्जचं खरं काम वेगळं होतं. १८२५ च्या एका माहितीपुस्तकात तिचं वर्णन आहे: इथून प्रवासी कोच आणि पुष्कळ मालाच्या वॅगन सुटतात, लंडनचा माल केंटकडे नेतात आणि येताना हॉप्स आणतात. (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. सदर्क हा त्यांचा मोठा बाजार होता.) तळमजल्यावर आज जो जुना बार आहे, ती गाडीवानांची आणि प्रवाशांची थांबायची खोली. गाडीचं तिकीट म्हणजे तुमचं नाव सरायच्या वहीत लिहायचं. 'बुकिंग' हा शब्द तिथला, त्या वहीचा. आणि गाडीवर कोण बसलं, कुठे उतरणार, कोणतं पार्सल कुणाचं, हे सगळं एका कागदावर लिहून गाडीबरोबर द्यायचं. त्या कागदाचं नाव 'वेबिल'.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा खुर्चीत सरळ बसले. "वेबिल? आमच्या कंडक्टरकडं असतं ती?" तेच. मग घोडे बदलण्याच्या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे 'स्टेज', आणि एसटीच्या भाड्याचा 'टप्पा' तोच. सहा किलोमीटरचा एसटीचा टप्पा, आणि इथे साधारण दहा मैलांचा घोड्यांचा. तेवढ्यात घोडे दमतात म्हणून.

मग म्हणाले, "पब पब काय म्हणतीस गं. स्टँड हाय हा."

मला जॉर्जबद्दल याहून नेमकं वाक्य कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. म्हणून धाग्याचं नाव तसं दिलं. गाड्या कशा वळत, हे मात्र मला अजून हवं आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

वाटसरू_नगर

फार सुंदर लिहिलंत. अण्णांना माझा नमस्कार सांगा. माझे काका कोपरगाव डेपोत मेकॅनिक होते, तेही कुठल्याही गावी गेले की आधी स्टँड बघून यायचे.

एक शंका. तुम्ही टॅबर्डचा नुसता उल्लेख केला. जुना इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीला निघतात ते टॅबर्ड हेच ना?

---

दक्षिणकाठ

हो, तेच, जॉर्जच्या अगदी शेजारी. आणि त्या काव्यातला सरायचा मालक हॅरी बेली हा खरा माणूस होता. १३७६ आणि १३७८ मध्ये तो सदर्कचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्येही होता. आमच्या गावाकडच्या जत्रेत जसा एखादा खानावळवाला सगळ्या दिंडीची व्यवस्था बघतो, तशी त्याची भूमिका आहे. कँटरबरी इथून साधारण ६० मैल. घोड्यावरून तीन-चार दिवसांची वाट, त्यामुळे सगळे आदल्या रात्री सदर्कला मुक्कामाला.

---

घड्याळजी

धागा वाचून आनंद झाला. गेल्या वर्षी मी जॉर्जमध्ये गेलो होतो तो मुद्दाम एका वस्तूसाठी. आतल्या भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे. त्याला 'पार्लमेंट क्लॉक' म्हणतात आणि गोष्ट अशी सांगतात की १७९७ मध्ये पंतप्रधान पिटने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी घरची घड्याळं काढून टाकली, म्हणून सरायांनी मोठी घड्याळं लावली.

करापर्यंतचा भाग खरा आहे. घरच्या घड्याळावर वर्षाला पाच शिलिंग, सोन्याच्या खिशातल्या घड्याळावर दहा, साध्यावर अडीच. घड्याळवाल्यांचा धंदा इतका बसला की १७९८ मध्ये कर मागे घ्यावा लागला. पण एवढ्या थोडक्या महिन्यांसाठी कुणी घड्याळांची नवी जात काढत नाही. अशी मोठ्या तबकडीची, काच नसलेली, खाली लोलकासाठी पेटी असलेली घड्याळं त्याच्या कितीतरी दशकं आधीपासून बनत होती. त्यांचं योग्य नाव टॅव्हर्न क्लॉक.

ती सरायांतच का, याचं उत्तर तुमच्या अण्णांच्या वाक्यात आहे. स्टँडवर घड्याळ लागतंच. काच नाही कारण ते दुरून, धुराने भरलेल्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यायला हवं, काचेवरची चमक आड यायला नको. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. आकडे हाताच्या बोटाएवढे लांब आहेत.

आणखी एक. टपालाच्या कोचवर जो गार्ड असे, त्याच्याकडे कुलूपबंद डबीत घड्याळ असायचं. तेव्हा प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून वेगळी होती. पश्चिमेकडे निघालेली गाडी ब्रिस्टलला पोचेपर्यंत लंडनच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं मागे यायला हवी. म्हणून ती घड्याळं दिशेप्रमाणे दिवसाला थोडी पुढे किंवा मागे पडतील अशीच लावून देत. मला घड्याळाच्या कामात इतकी सुंदर तडजोड दुसरी माहीत नाही.

---

दक्षिणकाठ

घड्याळजी, मनापासून आभार. मी ते घड्याळ पाहिलं होतं आणि कराची गोष्टच खरी धरून चालले होते. पुढच्या वेळी उभी राहून नीट बघेन.

---

शब्दवेडी

एक छोटी भर. 'कोच' हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला. तिथे चांगल्या गाड्या बनत. आणि इथे ज्याला ऑस्लर म्हणतात, म्हणजे सरायमध्ये घोडे सोडणारा-जुंपणारा माणूस, त्याला आपल्याकडे मोतद्दार हा नेमका शब्द आहे. तो वापरा, फार छान शब्द आहे आणि हल्ली कुणी वापरत नाही.

---

गाडीतळ

वळण्याच्या प्रश्नावर लिहितो. माझं शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचं आणि बैलगाडी-घोडागाडीच्या चाकांवर मी थोडं काम केलं आहे.

चार घोड्यांची गाडी जुंपलेल्या अवस्थेत वळवायची तर फार जागा लागते, कारण घोडे दोन-दोनच्या रांगेत असतात आणि गाडीची लांबी एकदम दुप्पट होते. पण चौकात आली की घोडे सोडायचेच असतात. घोडे सुटले की उरतो तो फक्त डबा. पुढचा आस फिरतो, मधला लांब दांडा म्हणजे धुरा हातात धरून दोन-तीन माणसं तो डबा जागच्या जागी फिरवू शकतात. त्यामुळे अण्णांनी जी रुंदी मोजली ती गाडी आत येण्याएवढी आहे का, एवढाच खरा प्रश्न. वळायला चौक पुरतो. ताजे घोडे मागच्या आवारातून आणून तोंड रस्त्याकडे झालेल्या गाडीला जुंपायचे.

तुम्ही लिहिलंय की मागे दुसरं आवार होतं. म्हणजे पुढच्या चौकात माणसं, मागे जनावरं आणि माल. ही रचना एसटी डेपोसारखीच आहे: पुढे फलाट, मागे वर्कशॉप.

---

दक्षिणकाठ

गाडीतळ, हे वाचून मी लगेच अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "मग तसं सांग की. ढकलून फिरवत्यात." त्यांच्या डोक्यातला प्रश्न सुटला. माझ्याही.

---

खोपोलीकर

मला इथे आमच्या घाटाची आठवण होते. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला. पुढे रेल्वे आली ती दोन तुकड्यांत. मुंबईकडून खोपोलीपर्यंत आणि पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट १८६३ पर्यंत अपुरा होता. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीने घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. त्या पाच वर्षांत खोपोली जॉर्जसारखीच गजबजलेली असणार असं मला नेहमी वाटतं. घाटातली रेल्वे पूर्ण झाल्यावर तो टप्पा एका दिवसात मेला. जॉर्जचंही तसंच झालं का, की हळूहळू?

---

दक्षिणकाठ

फार नेमका प्रश्न. जॉर्जचं मरण टप्प्याटप्प्याने आलं, पण प्रत्येक टप्प्याला तारीख आहे. डिसेंबर १८३६ मध्ये लंडन ब्रिज स्टेशन उघडलं. जॉर्जच्या चौकातून पाच मिनिटं चालत. तेव्हा गाडी जेमतेम ग्रीनिचच्या दिशेने काही मैल जायची, म्हणून कोचवाल्यांना भीती वाटली नसेल. पण १८४४ मध्ये रेल्वे डोव्हरला पोचली. केंट हेच जॉर्जचं सगळं गिऱ्हाईक होतं. एकदा डोव्हरची गाडी सुटायला लागल्यावर घोड्याच्या कोचमध्ये बसायला कोण येणार?

पाच वर्षांनी जॉर्ज गाय्ज हॉस्पिटलच्या हातात गेली, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

---

रस्तेवाला

टपालाच्या कोचबद्दल थोडं लिहितो, कारण धाग्यात दोन गोष्टी मिसळण्याची शक्यता आहे. स्टेजकोच म्हणजे खाजगी धंदा. मेल कोच म्हणजे टपालखात्याची गाडी.

मेल कोचची कल्पना बाथच्या जॉन पामरची. त्याची बाथ आणि ब्रिस्टलमध्ये नाटकगृहं होती आणि नट, सामान इकडून तिकडे भराभर न्यायची त्याला सवय होती. त्याला प्रश्न पडला की नाटकाची मंडळी इतक्या लवकर पोचतात, मग पत्र का रेंगाळतं? तेव्हा पत्रं एकटा स्वार नेई आणि तो लुटला जाई. २ ऑगस्ट १७८४ ला दुपारी ब्रिस्टलहून पहिली मेल कोच निघाली, दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनमध्ये. सोळा तास. आधी ज्या वाटेला ३८ तासांपर्यंत लागत तिथे.

मेल कोचला टोलनाक्यावर पैसे नव्हते आणि थांबायचंही नव्हतं. गार्डने दुरून शिंग फुंकलं की नाकेवाल्याने फाटक उघडून ठेवायचं. गार्डच्या हातात बंदूक, खांद्याला शिंग आणि घड्याळजींनी लिहिलेली ती कुलूपबंद डबी. नियमाने मेल कोचमध्ये आत फक्त चार माणसं. स्टेजकोचमध्ये आतली चार, आणि छतावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बाहेरचं भाडं आतल्याच्या साधारण निम्मं. पावसाळ्यात एसटीच्या टपावर बसलेल्यांना जे वाटायचं तेच.

घोड्यांचं गणित आणखी कठोर होतं. धंद्यात असा हिशोब धरत की गाडीच्या वाटेच्या प्रत्येक मैलाला एक घोडा लागतो. भरधाव धावणारा घोडा तीन-चार वर्षांत संपून जाई. घोडे बदलायला चांगल्या सरायमध्ये एक-दोन मिनिटं. शिंग ऐकू आलं की मोतद्दार जुंपणी घेऊन बाहेर, ताजे चार तयार.

---

मीरा_लीड्स

रस्तेवाला, घोड्यांचं वाचून पोटात गलबललं. पण हेही सांगायला हवं की मोतद्दार जनावरांवर जीव लावणारे होते.

मी उत्तरेला राहते, म्हणून तिकडची एक सराय सांगते. स्टॅमफर्ड गावात 'द जॉर्ज' आहे, लंडन-एडिंबरो मार्गावर. तिची पाटी कमानीसारखी रस्त्याच्या आरपार जाते, गाड्या त्याखालून. आत शिरलं की दोन बाजूंना दोन दारं. एकावर 'लंडन' लिहिलं आहे आणि दुसऱ्यावर 'यॉर्क'. ती दोन प्रतीक्षालयं. दक्षिणेकडे जाणारे इकडे, उत्तरेकडे जाणारे तिकडे. भरभराटीच्या काळात दिवसाला ४० गाड्या तिथे थांबत, २० वर, २० खाली.

मी तिथे जेवले. त्या 'यॉर्क' दाराच्या चौकटीवर हात ठेवला. लाकूड एका बाजूला गुळगुळीत झालेलं आहे, कमरेच्या उंचीला, जिथे सामान घासून जात असेल. अण्णांना तिथे न्या. त्यांना फलाट क्रमांक दोन दिसेल.

---

जुनापुराणा

जॉर्जबद्दलचा एक नेहमीचा समज दुरुस्त करायला हवा. सगळे म्हणतात की सरायांच्या चौकातल्या नाटकांवरून रंगभूमी सुरू झाली, आणि मग जॉर्जच्या चौकातही ती झाली असणार असं धरून चालतात. नाटकं नियमाने होत होती अशा चार सराया मला माहीत आहेत: बेल, बुल, क्रॉस कीज आणि बेल सॅव्हेज. चारही नदीच्या उत्तरेला, शहराच्या बाजूला. सदर्कच्या रस्त्यावरच्या नाहीत. जॉर्जच्या चौकात पुढे विसाव्या शतकात उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं होऊ लागली, त्यामुळे गोष्ट मागे ओढली गेली.

सज्जा असलेली याहून जुनी सराय बघायची असेल तर ग्लॉस्टरची 'न्यू इन' बघा. नाव नवं, बांधकाम सुमारे १४५० चं. तिथल्या मठाने यात्रेकरूंसाठी बांधली. तिसऱ्या सोप्यासकट चौक जवळपास पूर्ण आहे, म्हणजे दक्षिणकाठ यांनी जॉर्जचे जे दोन सोपे गेल्याचं लिहिलं आहे ते कसे दिसत असतील याचा अंदाज तिथे येतो.

---

वाटसरू_नगर

कादंबरीकार डिकन्सचं कुणीच काही लिहिलं नाही. तो जॉर्जमध्ये यायचा ना?

---

दक्षिणकाठ

हो. जॉर्जचा उल्लेख त्याच्या 'लिटल डॉरिट'मध्ये येतो. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे. १८२४ मध्ये त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शलसी तुरुंगात टाकलं. तो तुरुंग याच रस्त्यावर, जॉर्जपासून थोडं दक्षिणेला. डिकन्स तेव्हा बारा वर्षांचा होता आणि जवळच लँट स्ट्रीटवर एका खोलीत राहून कारखान्यात कामाला जात होता. म्हणजे सदर्कच्या सराया त्याला ज्या वयात भेटल्या त्या वयात तो भाड्याच्या खोलीत एकटा होता. मार्शलसीची एक भिंत अजून आहे. मी अण्णांना तिथेही नेलं. ती उंच, काळी, विटांची भिंत. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

व्हाइट हार्टच्या चौकात बूट साफ करणारा नोकर सॅम वेलर त्याने 'पिकविक पेपर्स'मध्ये १८३६ ला लिहिला, म्हणजे स्टेशन उघडलं त्याच वर्षी. जे जाणार होतं ते त्याने नेमकं टिपून ठेवलं.

---

हार्बर_मुंबई

स्टोच्या यादीत क्वीन्स हेड आहे. ही सराय जॉन हार्वर्डच्या आईकडून त्याच्याकडे आली. तोच हार्वर्ड, ज्याच्या नावाने अमेरिकेतलं विद्यापीठ आहे. त्याचा जन्म १६०७ मध्ये सदर्कला. त्याच्या वारशाचा एक भाग घोड्यांच्या चौकातला होता, हे मला फार मोठं वाटतं.

---

रस्तेवाला

रेल्वेपुढे सगळेच कोचवाले हरले असं नाही. विल्यम चॅप्लिन हा लंडनमधला सर्वात मोठा कोचमालक. सुमारे १,८०० घोडे. 'स्वान विथ टू नेक्स' ही त्याची सराय. जागा अपुरी म्हणून चौकाच्या खाली जमिनीत तबेले खोदले होते, दोनशे घोड्यांचे. रेल्वे येताना त्याने ओळखलं, वेळेत बाहेर पडला, आणि पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. जॉर्जसारख्या मध्यम सरायांना ते जमण्याजोगं नव्हतं. त्यांच्याकडे भांडवल म्हणजे चौक होता.

---

खोपोलीकर

शेवटचं वाक्य छान आहे. म्हणूनच रेल्वेला जॉर्जचा चौक हवा होता, इमारत नको होती.

---

आंबेमोहोर

मी डिसेंबरात लंडनला येते आहे. दुपारी जाऊ की संध्याकाळी? आणि नेमकं काय बघू? मी एकटी असेन, दारू पीत नाही, तर आत जायला अवघड वाटेल का?

---

दक्षिणकाठ

बिनधास्त या. आत चहा-कॉफी मिळते, जेवण मिळतं, कुणी काही विचारत नाही. सकाळी अकराच्या सुमारास या, गर्दी नसते. बरो हाय स्ट्रीटवरच्या बोळातून आत आलात की आधी बोळाची रुंदी बघा. मग चौकात मध्यभागी उभ्या राहा आणि पाठ उरलेल्या इमारतीकडे करा. समोरच्या नव्या इमारतींच्या जागी दुसरा सोपा होता. नंतरच वळा आणि सज्ज्यांकडे बघा. वरच्या सज्ज्याचा कठडा थोडा खाली झुकलेला दिसतो. जिना अरुंद आहे, पायऱ्या मध्ये झिजल्या आहेत. वर चढताना एका हाताने भिंत धरावी लागते. पूर्वी तीच वाट पेट्या घेऊन नोकर चढत.

आज सकाळी अण्णांनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी जॉर्जचा नकाशा काढला आहे, पट्टीने. पाडलेले दोन्ही सोपे तुटक रेषेने. मागच्या आवारात तबेले, पाण्याचा हौद, गोदाम. बोळाच्या तोंडाशी एक छोटा चौकोन आणि त्यात लिहिलंय 'नियंत्रक'. चौकाच्या मध्ये एक वर्तुळ, बाणासह, त्याखाली: 'घोडे सोडून फिरवणे, माणसे ३'. आणि दक्षिण सोप्याला लागून, खाली-वर, दोन फलाट. एकावर डोव्हर, दुसऱ्यावर मेडस्टन.

हॉप्सच्या वॅगन कुठे उभ्या करायच्या ते ठरेना, म्हणून तेवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे. रस्तेवाला, गाडीतळ, तुम्हाला फोटो वैयक्तिक संदेशात पाठवते. बघून सांगा.